मावशींकडे उतरणारे पतंग

गल्लीत सगळे तिला मावशी म्हणत, पण मावशी अशी हाक मारत घरात येणारं कोणी उरलं नव्हतं. लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवण्यात तिचा जन्म गेला. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा जुन्या बाजारातून तिने रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांचा सापळा आणला. एक लाकडी खोकं, वर दिवा, आत अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे. उजेडाला भुलून आलेले पतंग आत उतरून ट्रेच्या खळग्यांत झोपत. सकाळी बघायचं आणि झुडपात सोडून द्यायचं.

"आई, त्यापेक्षा कुत्रं पाळ," मुलगी फोनवर म्हणाली.

"कुत्रं रोज तेच असतं गं. इथे रोज कोण आलंय, पत्ता नसतो."

खोटं नव्हतं ते. ट्रे उचलताना तिच्या छातीत बारीक धडधड व्हायची. एकाने वाळक्या काडीचं सोंग घेतलेलं, एक कापसाच्या बोळ्यासारखा, तर एकाच्या पंखांची किनार अशी सुबक की तिला आपली शिवणाची कात्री कायमची खाली ठेवावीशी वाटे.

एकदा शेजारचा बसड्रायव्हर कुंपणाशी आला. "मावशी, तुमचा दिवा थेट माझ्या डोळ्यांवर येतो. पहाटेची ड्यूटी असते माझी."

ती ओशाळली. खोकं तिने बागेच्या मधून उचलून मागे भिंतीच्या आडोशाला नेलं. तिथे फारसं कोणी फिरकेना. ट्रे रिकामे निघाले की तिला चहाही गोड लागत नसे.

मग एका सकाळी दार वाजलं. ड्रायव्हर गणवेशात उभा, हातात जेवणाचा डबा. "बसमध्ये सापडलं. तुमच्याकडचंच असणार."

डब्यात अंगठ्याएवढा गुलाबी पतंग होता. मावशीने तो अलगद बाहीवर घेतला. त्याचे पंख थरथरू लागले.

"थंडी वाजतेय का त्याला?" ड्रायव्हरने दबक्या आवाजात विचारलं.

"अंग तापवतोय. त्याशिवाय उडता येत नाही."

दोघं श्वास रोखून बघत राहिली. पतंग उडाला तेव्हा ड्रायव्हर लहान मुलासारखा हसला. मावशीने चहाचं विचारलं. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "राहू द्या. आणि दिवा आता पूर्वीच्या जागी लावा, खुशाल. मी घर सोडतोय. बदली झाली."

तो गेला. पलीकडच्या खिडकीतले पडदेही गेले. मावशीने खोकं पुन्हा बागेच्या मधोमध मांडलं. दुसऱ्या सकाळी ट्रे गच्च भरले होते, एकाहून एक. "बघा, बघा तरी!" ती मोठ्याने म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. कुंपणापलीकडे कोणी नव्हतं. मग तिने एकेकाला बोटावर घेतलं आणि सावकाश झुडपांत नेऊन ठेवलं.