आडव्या पाटीचा होकार

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. शाळेच्या सुतारकाकांनी मोडक्या बाकाच्या फळीतून मला घडवलं आणि देशाचं नाव सरकवायला माझ्या पोटावर खाच पाडली. मित्रांनो, दरवर्षी आमच्या सभागृहात मुलं वेगवेगळे देश होऊन बसतात आणि जगातले अणुबॉम्ब नाहीसे करण्याच्या वाटाघाटींचा सराव करतात. ज्याला बोलायचं असेल त्याने पाटी उभी करायची. अध्यक्षांनी विचारल्यावर एकही पाटी उभी नसेल, तर सगळ्यांचा होकार धरायचा. करार जुळवून आणायला सर्वांत जास्त मदत करणाऱ्या जोडीला पहिल्या नंबरची ढाल मिळते.

बॉम्बवाल्या बड्या देशाचं नाव माझ्यावर असलं की काय माझा थाट! सगळे माझ्याकडे बघून बोलत. एरवी मात्र मी डस्टरांच्या खोक्यात धूळ खात पडून असे.

यंदा मी एक छोटंसं बेट झाले. बॉम्बच्या चाचण्या केल्या दुसऱ्यांनी, आजारी पडली ती बेटावरची माणसं. माझ्यामागे एक चष्मेवाली मुलगी आणि तिचा चुलतभाऊ बसले होते. या आजाऱ्यांचा इलाज चाचण्या करणाऱ्यांनी करावा, एवढं एकच वाक्य तिला करारात हवं होतं. बडे देश म्हणाले, "ते वाक्य काढा, लगेच सही करतो."

तिने मला उभं केलं. भावाने झटकन आडवं पाडून वर हात दाबून धरला.

"दादा, हात काढ!"

"अगं, करार फिसकटला तर पहिल्या नंबरची ढाल गेली! एका वाक्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

"आपल्यावर कोसळलंय म्हणून तर आलोय ना इथे?"

"आपल्यावर? तू काय खरंच बेटावर राहतेस? गप बस, बाई."

"ते वाक्य वगळून करार मंजूर?" असं विचारून अध्यक्षांनी सभागृहावर नजर फिरवली. एकही पाटी उभी नव्हती. "मंजूर!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेव्हा ती स्वतःच उठून उभी राहिली. टाळ्या विरल्या. पाटी उभी राहिली तर काय करायचं हे नियमात होतं. माणूस उभं राहिलं तर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अध्यक्ष चाचरत म्हणाले, "आता मंजूर झालंय गं."

ढाल त्या दोघांनाच मिळाली. ती घ्यायला भाऊ एकटाच गेला. फोटोसाठी हाका आल्या तरी ती जागची हलली नाही.

मित्रांनो, मला खोक्यात ठेवा की माळ्यावर टाका, ते तुम्ही बघा. पण कुणाची पाटी आडवी दिसली, म्हणून लगेच होकार धरू नका. तिच्यावर कुणाचा हात तर नाही ना, तेवढं वाकून बघा.