मुंगीने निवडलेली सुरी

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर लाकडी फळीवर एक टोमॅटो ठेवलाय. लालबुंद, गच्च पिकलेला. तुम्ही त्यावर सुरी टेकवली, ओढली, पण टोमॅटो कापला गेलाच नाही, नुसता दबला. पुन्हा जरा जोरात ओढली. आता तो फिस्सकन फुटला आणि बिया उडाल्या थेट तुमच्या नाकावर. दिसलं? आलं डोळ्यांसमोर? मग नाक पुसा आणि आत या. हेच मुंगीचं स्वयंपाकघर.

मुंगी साडेदहा वर्षांची. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे. ती सदान्कदा लगबगीने कुठेतरी निघालेली असायची आणि मध्ये कुणी आलं तर थांबायच्याऐवजी त्याला वळसा घालून जायची, म्हणून आजोबा तिला मुंगी म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या घरातली सुरी मुंगीहून वयाने मोठी होती. तिने जन्मभर भाज्या कापल्या, पार्सलांच्या दोऱ्या कापल्या, डब्यांची झाकणं उचकटली, आणि एकदा तर दादाने तिच्या टोकाने सायकलचा स्क्रू पिळला होता. आता ती इतकी बोथट झाली होती, की दादा म्हणायचा, "हिच्यापेक्षा पट्टीने कापा, निदान मापात तरी निघेल."

तरीही मुंगीला त्या सुरीला हात लावायची बंदी होती. तिच्या वाट्याला यायचं भाज्या धुणं आणि मटार सोलणं. तिला मात्र एकच गोष्ट हवी होती: आईच्या शेजारी उभं राहून टकटक टकटक कापायचं.

"आई, मी कापू?"

"नको गं बाई. हात कापशील."

आणि मग हात कापला तो आईचाच. कांदा कापताना सुरी सालीवरून सटकली आणि अंगठ्यात घुसली. जखम फार खोल नव्हती, पण आई शिवणकाम करायची. कापड दाबून धरायचं ते त्याच अंगठ्याने. तिने बोट नळाखाली धरलं आणि जे काय म्हणाली ते मुंगीला ऐकू येऊ नये म्हणून दादाने मोठ्याने खोकून दिलं.

आजोबा पट्टी बांधायला बसले. ते आईचे वडील. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, हात कसे तर लाकडी फावड्यासारखे. बांधता बांधता म्हणाले, "धारदार सुरी ठेवाल तिथे उतरते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. चावते ती बोथटच."

"मग आणा नवी," आई म्हणाली. "उद्याच आणा."

"मी निवडू?" मुंगीने विचारलं.

"ही?" दादा हसला. "ही गुलाबी मुठीची आणेल. वर ससा काढलेली."

आईने मुंगीकडे नीट पाहिलं. कापड बेतायच्या आधी पाहायची तसं. "ठीक आहे. आजोबा बरोबर येतील, पण निवडायची तू. किंमत तुझ्या शाळेच्या बुटांच्या निम्म्याहून वर जायची नाही. सुरी चांगली निघाली, तर उद्यापासून तू माझ्या शेजारी उभी राहून कापायचं. नुसती शोभेची आणलीस, तर बाराव्या वाढदिवसापर्यंत मटार."

"दीड वर्षं?"

"हिशेब पक्का आहे हो तुझा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुंगी आणि आजोबा भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाई जाड चष्म्याच्या आणि हसऱ्या. त्यांनी काउंटरवर आधी एक सुंदर लाकडी ठोकळा ठेवला. त्यात सहा सुऱ्या खोचलेल्या.

"सहा सुऱ्या, बाळ, आणि किंमत एकीची!"

मुंगीने एकेक उपसून पाहिली. पाती पातळ, बोटाने दाबली की पत्र्यासारखी वाकणारी. "मावशी, आमच्याकडे एका वेळी एकच जण कापतो. बाकीच्या पाच काय करतील?"

"ठोकळ्यात उभ्या राहतील," बाई खो खो हसल्या आणि त्यांनी ठोकळा स्वतःच बाजूला सारला. मग एक अशी सुरी काढली, की पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. मुंगीचे डोळे चमकले. तिने किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि सुरी हळूच, झोपलेलं बाळ ठेवावं तशी, परत ठेवली. त्या किमतीत अख्ख्या वर्गाचे नाही, पण अख्ख्या बाकाचे बूट नक्की आले असते.

मग साध्या सुऱ्या आल्या. आजोबा म्हणाले, "आधी मूठ. डोळे मीट आणि धर. हत्यार हातात आहे हे विसरायला झालं पाहिजे."

मुंगीने डोळे मिटून एकेक धरली. एकीची मूठ गुळगुळीत, ओल्या हातातून निसटेल अशी. एकीची कडा तळव्याला टोचणारी. एक छान वाटली, पण बाई म्हणाल्या, "आता काउंटरवर कापल्यासारखं कर बघू." मुंगीने केलं, तर पातं टेकायच्या आधी तिची बोटंच काउंटरवर आपटली. पातं अरुंद होतं, मुठीखाली बोटांना जागाच नव्हती.

"ही घे," आजोबा एक जाडजूड सुरी उचलून म्हणाले. "पन्नास वर्षं हलायची नाही."

मुंगीने ती दोन्ही हातांनी धरली. "आजोबा, ही तुमच्या हाताची आहे. माझ्या हातात कुऱ्हाड वाटते."

शेवटी उरली काळ्या मुठीची एक. ना नक्षी, ना चकाकी. पात्याचं पोलाद मुठीच्या आतून थेट शेवटापर्यंत गेलेलं, तीन रिव्हेटांनी पक्कं केलेलं. मुंगीच्या हातात ती बरोबर बसली. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, की कापणार तर आईसुद्धा. तिने बाईंचा हात पाहिला. "मावशी, तुमचा हात माझ्या आईएवढाच आहे. तुम्ही धरून बघता?"

बाईंनी धरली, दोनदा वरखाली केली आणि चष्म्यावरून आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, ही पोर माझ्या दुकानात ठेवून जा."

किंमत बुटांच्या निम्म्याहून थोडी खालीच निघाली. सुरी कागदात गुंडाळताना बाई म्हणाल्या, "दुकानातली धार म्हणजे कामचलाऊ. घरी दगडावर फिरवून घ्या म्हणजे मजा बघा."

एवढं ऐकलं मात्र, आजोबांची चाल बदलली. घरी पोचायच्या आत त्यांनी मनातल्या मनात दगड भिजत घातलासुद्धा. मुंगी गाजरं धूत बसली आणि आजोबा अंगणाकडच्या पायरीवर दगड घेऊन बसले. खर्र खर्र, खर्र खर्र. मधूनच तोंडाने शीळ. तासाभराने ते उठून आले, हातावरचे केस सुरीने भादरून दाखवले आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत अशी धार लावली नसेल."

संध्याकाळी आई आली. पदर खोचावा तशा बाह्या दुमडल्या, सुरी हातात घेतली. "हाताला तर छान बसते," ती म्हणाली. आईने एक जाड गाजर घेतलं आणि कापायला सुरुवात केली. सुरी लोण्यातून जावी तशी गेली. मुंगीने दादाकडे बघून जीभ काढली.

पण आई थांबली. तिने चार चकत्या उचलून फळीवर उभ्या ओळीत मांडल्या आणि डोळा बारीक केला. शिलाईचा एक टाका तिरका गेला तर अख्खी बाही उसवणारी बाई ती.

"वर पातळ, खाली जाड," आई म्हणाली. "चारही."

आणखी सहा कापल्या. सहाही तशाच.

"वा, दाराखाली घालायला पाचरी झाल्या!" दादा म्हणाला.

"तू गप्प बस." आईने सुरी खाली ठेवली. तिचा आवाज मऊ झाला, आणि मुंगीला तेच जास्त लागलं. "मुंगे, तू नीट पाहून आणलीस, मला माहीत आहे. पण पातं वाकडं दिसतंय. आणि ठरलं ते ठरलं."

मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षं मटार! पण मुंगीच ती. वाटेत काही आलं, की वळसा घालायचा.

"आई, पाच मिनिटं दे. सुरी मी चालवणार नाही, नुसती बघते."

तिने सुरी डोळ्यांसमोर आडवी धरली. पातं वाकडं? नाही, ताठ होतं. मग तिने आईला आणखी दोन चकत्या कापायला लावल्या आणि फळीला नाक लावून पाहत राहिली. पातं दर वेळी खाली जाता जाता डावीकडे ओढलं जात होतं, कुणीतरी आतून खेचावं तसं. तिने सुरी दिव्याखाली नेली. धारेच्या उजव्या अंगाला रुंद पट्टी चमकत होती, रेशमी फितीसारखी. तिने सुरी उलटवली. डाव्या अंगाला पट्टी नाहीच. नुसते सपाट ओरखडे.

अशी एका बाजूने तासलेली धार तिने कुठे पाहिली होती? आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत. पटाशीला. लाकडात खाच पाडतात ना, ती पटाशी.

मुंगीने आजोबांकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बिचारे असे बसले होते, जसं काही वाकडी सुरी त्यांनीच घडवली. सकाळी "चाळीस वर्षं" म्हणून मिरवलेला माणूस. दादा अजून हसत होता. मुंगीने मोठ्याने काहीच म्हटलं नाही. ती जाऊन आजोबांच्या खुर्चीला टेकली आणि हळूच विचारलं, "आजोबा, पटाशीला धार कशी लावतात हो?"

"अगं, अगदी सोपं. एका बाजूने तिरपं घासायचं. दुसरी बाजू दगडावर सपाट ठेवायची आणि नुसती..."

आजोबा थांबले. त्यांनी मुंगीच्या हातातली सुरी घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरे माझ्या कर्मा! मी हिला पटाशी केली!"

मग आजोबाच इतके हसले, की त्यांना ठसका लागला. आईने पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "बाबा, बरं झालं मी तुम्हाला माझी कात्री कधी दिली नाही."

"आणि बरं झालं मी तुला सुरी शिवायला दिली नाही," आजोबा म्हणाले. "तू तिला काजं केली असतीस."

पाणी पिऊन ते उठले. पुन्हा दगड भिजला. या खेपेला मुंगी समोर बसली. "सुरी बिचारी दोन्ही बाजूंनी उतरती लागते," आजोबा म्हणाले, "म्हणजे ती इकडेही ओढत नाही आणि तिकडेही." आता राहिलेल्या बाजूचं घासणं. मुंगी दिवा धरून बघत होती: "अजून थोडं. टोकाकडे पट्टी बारीक आहे. हां. आता झाल्या दोन्ही सारख्या." मग दोन्ही बाजूंनी हलके हलके हात, एक इकडून, एक तिकडून.

आईने नवं गाजर घेतलं. टक, टक, टक. चकत्या ओळीत मांडल्या, डोळा बारीक केला. मग एक बोट लावून चकत्या सरळ करायला गेली, पण करायला काही उरलंच नव्हतं.

"हं," आई म्हणाली. आणि ती फळीसमोरून एक पाऊल बाजूला सरकली.

मुंगी त्या जागेत जाऊन उभी राहिली. आईने तिची डावी मूठ गाजरावर ठेवली, बोटांची टोकं आत वळवली. "नखं लपव. पातं बोटांच्या पेरांना टेकू दे. घाई नाही. आपण काही बस पकडायला निघालो नाही."

मुंगीने सुरी खाली आणली. टक. चकती निघाली, पण एका बाजूला भलतीच जाड.

"आता ही कुणाची चूक?" दादाने विचारलं. "सुरीची, का आजोबांची?"

"माझी," मुंगी म्हणाली. तिने ती जाड चकती उचलली, तोंडात टाकली, आणि करकर चावत चावत दुसरी कापायला घेतली.