भांडायची सोय राहिली नाही

त्या उमेदवाराचं तळपट होवो! आमचं चांगलं चाललेलं भांडण बंद पाडलं मेल्यानं.

माझं नि माझ्या मैत्रिणीचं भागीदारीत कपडे अल्टर करायचं दुकान आहे. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कोटाचं अस्तर लाव, असली कामं. मशीन दोन, पण धारेची कात्री एकच, आणि तिच्यावरून दिवसभर आमची जुंपलेली. "आंधळे, शिवतेस की गोणपाट टाचतेस?" असं म्हटल्याशिवाय हिची सकाळ उजाडत नाही. मीही काही कमी नाही. तिचा देव वेगळा, माझा वेगळा, पण इतक्या वर्षांत देवांना मध्ये पडायला आम्ही फुरसतच दिली नव्हती.

निवडणूक आली नि हा बाबा फोटोग्राफर घेऊन दुकानात हजर. "दोन धर्मांच्या बायका, एक दुकान! मला हेच तर लोकांना दाखवायचंय!"

फोटोग्राफर डोकं खाजवायला लागला. "साहेब, यातली कोण कुठली, तेच कळत नाहीये."

कसं कळणार? दोघींच्या अंगभर दोरे, दोघींच्या तोंडात टाचण्या. मग आम्हाला घरी पिटाळलं. आपापला धर्म दिसेल असं काहीतरी घालून या म्हणे! ती सासूचं मागून आली, मी नणंदेचं. एकमेकींचा अवतार बघून हसता हसता मुरकुंडी वळली, तेवढ्यात फोटो निघाला.

समोरच्या भिंतीवर पोस्टर लागलं, चांगलं दोन मजली. मग काय, जो तो शहाणा! माझा दीर म्हणाला, "तिचाच हात तुझ्या खांद्यावर कसा? तुझा तिच्या का नाही?" तिच्या मामांना तिची मान झुकलेली दिसली. एक गिऱ्हाईक बाई तर माझा हात धरून म्हणाली, "फार सांभाळून घेता हो तिला." मी? तिला? कपाळ माझं!

तेव्हापासून ही गोड बोलायला लागली. "कात्री हवीय का? घे ना, माझं होईल नंतर." बाई गं, काटाच आला अंगावर! किती दिवस सोसायचं? शेवटी आज मी मुद्दाम एका पँटचा एक पाय वीतभर आखूड शिवला आणि पँट तिच्यापुढे टाकली. आता तरी पेटेल!

तिनं पँट उचलली. नाकपुड्या फुगल्या, तोंड उघडलं. मग बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे तिची नजर गेली. तिनं पँटची नीट घडी घातली.

"असू दे. होतं कधीकधी."

"अगं, ओरड ना माझ्यावर!" मी कुजबुजले, मला रडूच फुटायचं बाकी होतं. "शिव्या घाल, काहीतरी कर!"

ती जवळ आली. "आता कशी ओरडू?" ती हळूच म्हणाली. "उद्या गावभर बोभाटा होईल, 'त्यांच्यातलीनं आपल्यातलीला झापलं!'"

बाकावरून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "बघा, किती गोड राहतात दोघी!"

आम्ही दोघींनी हसून माना डोलावल्या.