कियाई झुबैदींची तोंडी परीक्षा

मदरशाचं विद्यापीठ झालं आणि ओसरीसमोर वैद्यकशाखेची टोलेजंग इमारत उभी राहिली, त्याचं मदरशाचे म्हातारे धर्मगुरू, कियाई झुबैदी, यांना काही वाटलं नाही. जन्मभर त्याच ओसरीवर बसून ते धर्मशास्त्र शिकवत आले होते. पण पदवी नसलेल्याला शिकवता येणार नाही असा नियम आला, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओसरी गेली तर जगायचं कशाला?

कुलसचिव फातोनी त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने तोड काढली.

"कियाई, तुम्हीच विद्यार्थी म्हणून नाव घाला. हा विषय शिकवायला तुमच्याशिवाय आहे कोण? परीक्षकही तुम्हीच. स्वतःला पास करा, की झालं!"

"आणि मी कॉपी केली तर?"

"कुणाची करणार?"

मग नवागतांच्या स्वागतात, इतर नवख्या पोरांसारखीच गळ्यात पुठ्ठ्याची पाटी आणि डोक्यावर अर्धा कापलेला फुटबॉल घालून कियाईंनी मैदानाला फेऱ्या मारल्या. वर्गात ते आपलंच नाव पुकारायचे, लुंगी सावरत समोरच्या चटईवर जाऊन "हजर" म्हणायचे आणि परत यायचे. एकदा उशीर झाला म्हणून त्यांनी स्वतःला उभं केलं. पोरं गप्प होती, कारण कियाई खरोखरच चिडले होते.

तोंडी परीक्षेला फातोनी साक्षीदार होता. कियाईंनी गुरूच्या चटईवरून विचारलं, "नमाजाचा संकल्प कुठे करायचा?"

पलीकडे जाऊन म्हणाले, "मनात. जिभेने म्हणायचं ते मनाला मदत म्हणून."

परत आले. "जीभ बोलली. मनाने केला, हे कशावरून?"

पलीकडे गेले आणि बसूनच राहिले. चहा निवला.

"नापास," तिथूनच ते म्हणाले.

"अहो, असं काय करता! ओसरी जाईल!" फातोनी रडकुंडीला आला.

"जाऊ दे. मी हे इतकी वर्षं शिकवलं, आणि मलाच येत नाही." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "तुला तरी येतं का रे? आज सकाळी नमाजात तुझं मन कुठे होतं?"

फातोनीने खाली पाहिलं. "नव्या पार्किंगमध्ये."

"तुला पास कुणी केलं होतं?"

"तुम्हीच."

"मग तूही नापास."

फातोनीने बूट काढले आणि त्यांच्या शेजारी बसला. जरा वेळाने त्याने कुलगुरूंना फोन लावला. तेही याच ओसरीवर शिकलेले होते.

"साहेब," तो म्हणाला, "येताना चटई घेऊन या."