माझा तिसरा सूर

मी एक जुनी मेट्रो गाडी आहे. जुनी म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. माणसांच्या हिशोबाने मी अजून शाळेतच असते. पण धावून धावून माझी चाके किती वेळा तासून घ्यावी लागली, ते माझे मला माहीत.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमचे लांबलचक पत्रे जोडून माझे अंग घडवले, डब्यांच्या पोटाखाली मोटरी बसवल्या आणि त्यांना वीज भरवायला एक पेटी दिली. तिला इन्व्हर्टर म्हणतात. ही पेटी म्हणजे शिस्तीची आई. मोटरीपुढे एकदम भरले ताट ठेवत नाही. आधी एक घास, मग दुसरा, मग तिसरा. घास बदलला की मोटरीच्या गळ्यातला आवाज चढतो. म्हणून मी स्थानकातून निघते तेव्हा माझ्या पोटातून तीन सूर निघतात, एकाहून एक चढे, आणि तिसरा चांगला लांबतो. हे कोणी मुद्दाम केलेले नाही. पहिल्या चाचणीच्या दिवशी मी जराशी हलले, तर फोरमनच्या हातातला पाना तसाच राहिला. तो म्हणाला, "अगं बाई, ही तर गाते!"

झाले. तिथेच माझे डोके फिरले.

शहरात आल्यावर तर विचारूच नका. मी आणि माझ्या एकाच साच्यातल्या बहिणी दिवसभर तेच तीन सूर आळवत फिरू लागलो. लहान मुले फलाटावर मला वाकुल्या दाखवत माझी नक्कल करत. एका गल्लीतल्या पोपटाने स्वतःचे नाव घेणे सोडले आणि माझे सूर धरले. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानातली सगळी घड्याळे माझ्या तालावर टोले देऊ लागली. खोटे वाटत असेल तर त्या पोपटाला विचारा. तो दुसरे काही बोलतच नाही. लोक मला गाणारी गाडी म्हणत आणि मी फुगून दारे जरा जास्तच जोरात मिटत असे.

पण मित्रांनो, कौतुक सांगायला मी बोलत नाही. माझ्या मनाला एक गोष्ट रोज खाते.

मार्गाच्या शेवटाकडे एक उंचावरचे स्थानक आहे. फलाट संपतो तिथे एका इमारतीची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी अगदी माझ्या डोळ्यांसमोर येते. त्या खोलीत गाण्याच्या बाई मुलांना समूहगान शिकवत. बाई कडक, केस घट्ट बांधलेले, पायात सपाट चपला. त्यांची एकच मिजास होती. पहिला सूर द्यायला त्यांना कुठलेही वाद्य लागत नसे. डोळे मिटायचे, गळ्यातून सूर काढायचा, आणि मुलांनी तो धरायचा. कोणत्याही पियानोशी तो सूर ताडून पाहिला तरी तंतोतंत जुळायचा.

आणि माझा तिसरा सूर? तो बाईंच्या सुराच्या अगदी शेजारचा. केसभर वर.

मी दर थोड्या वेळाने त्या खिडकीवरून जात होते. मी गेले की माझी बहीण, ती गेली की दुसरी. त्यात भर म्हणून माझा चालक हा बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. अंगाने दारात न मावणारा, पण बाई त्याला छोट्याच म्हणायच्या. त्याला माझ्या सुरांचे एवढे वेड, की केबिनमध्ये तो त्यांची शिट्टी वाजवायचा, आणि घरी दाढी करतानाही तीच. अशा चहूबाजूंच्या माऱ्यात बाईंचा सूर हळूहळू वर सरकला. केसभरच. मुलेही सोबत सरकली, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. मला लागला होता. खिडकीतून येणारा सूर माझ्याशी जुळतो आहे, हे मला ऐकू येत होते. आणि खरे सांगते, मला आनंद झाला. मला वाटले, बघा, बाईसुद्धा माझ्याकडून शिकल्या!

मग समूहगानाची स्पर्धा आली.

तिथे काय झाले, ते मला परतीच्या वेळी कळले. मुले आणि त्यांचे पालक माझ्याच डब्यात चढले होते. जाताना त्यांनी डबा डोक्यावर घेतला होता. येताना सगळे गप्प. पहिले कडवे मुलांनी नुसत्या गळ्यावर म्हटले, आणि दुसऱ्याला पियानो सुरू झाला तेव्हा कानात खडा गेल्यासारखे झाले. बाईंनी हात वर करून गाणे थांबवले आणि भर सभागृहात वादकाला म्हणाल्या, "तुमचा पियानो उतरलाय." परीक्षकांनी सूर तपासायचा लोखंडी चिमटा टेबलावर आपटला. पियानो बरोबर होता.

"मागच्या रांगेतले हसले गं," एक आई दुसरीला सांगत होती.

"हसणारच. वय झालं की कान जातोच. आता दुसरा वर्ग बघायला हवा."

बाई दोन बाकांपलीकडेच बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. माझी तेव्हा पुढच्या स्थानकातून निघायची वेळ झाली आणि मला गावे लागले. तीन सूर. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाईंनी वर्ग बंद केला. खिडकीला पडदा लागला. मी काय करणार? मला तोंड आहे, पण त्यात दुसऱ्या कोणीतरी भरून ठेवलेली चार वाक्ये. 'पुढील स्थानक अमुक' यातून पश्चात्ताप कसा सांगायचा? मग मी ठरवले, गायचेच नाही. त्या स्थानकातून निघताना मी श्वास रोखून धरला. दिवे मिणमिणले, पंखे थांबले, दारे थरथरली. चालकाने बटणे दाबून पाहिली आणि म्हणाला, "अगं चल ना बये, लोक खोळंबलेत!" मला कार्यशाळेत नेले. तिथल्या लोकांनी पेटी उघडली, फुंकर मारली, पुसली आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी मी पहिल्याहून खणखणीत गाऊ लागले. माझ्या पश्चात्तापाची साफसफाई झाली होती.

पुढे एका दुपारी चालकाची सुट्टी होती. तो साध्या कपड्यांत बाईंना घेऊन माझ्यात चढला. दोघे कानाच्या डॉक्टरांकडून येत होते.

"डॉक्टर म्हणाले ना कान ठणठणीत आहेत? मग तोंड का पाडतेस, ताई?"

"म्हणून तर पाडलंय. कान बिघडला असता तर कानाला बोल लावला असता. आता कुणाला लावू?"

मी निघाले. एक सूर, दोन, आणि तिसरा. बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांच्या ओठांतून, त्यांच्याही नकळत, एक बारीक सूर निघाला. माझाच. भावाने मान वळवली.

"ताई, काय गुणगुणलीस?"

"मी? मी कुठे काय? गाणं सोडलंय मी."

"आता पुढच्या स्थानकावर लक्ष दे. तोंड मिटून बस."

पुढचे स्थानक आले. दारे उघडली, मिटली. बाई ओठ घट्ट आवळून बसल्या. मी जिवाच्या आकांताने प्रार्थना केली, की आज तरी पेटी जळू दे. पेटी जळली नाही. तिसरा सूर निघाला, आणि बाईंचा गळा आतल्या आत हलला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला.

"हाच सूर मी दिला होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "छोट्या, हीच शिट्टी तू घरात वाजवतोस."

"वाजवतो," तो एवढा मोठा माणूस बाकावर अंग चोरून म्हणाला. "चुकलं माझं. पण ताई, बघ ना, म्हणजे तुझा कान गेला नव्हता. नेला होता."

"नेला तर नेला. मला कळलं का नाही? ती पोरं माझ्या भरवशावर उभी होती. त्यांना हसले लोक, मला नाही."

आम्ही तिघे अपराधी एकाच डब्यातून घरी गेलो, आणि त्यांतला सर्वांत मोठा अपराधी भाडे घेऊन नेत होता.

मला वाटले, आता बाई मागची खोली घेतील, खिडकीला जाड काच लावतील. लावली असती तर मला बरेच वाटले असते. पण काही दिवसांनी मी त्या स्थानकात शिरले, तर खिडकी सताड उघडी. मुले पूर्वीपेक्षा कमी होती, पण होती. आणि सगळी भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे तोंड करून उभी.

"आली," बाई म्हणाल्या. "आपला सूर धरा. ती जाईपर्यंत सोडायचा नाही. कितीही ओढू दे."

बाईंनी सूर दिला. खालचा, खरा. मी निघाले. माझा तिसरा सूर त्यांच्या सुराला घासला आणि मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदाच स्वतःला ऐकले. कसली गाणारी गाडी! पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज होता तो. मुलांच्या माना ताठ झाल्या, कानशिले लाल झाली, पण सूर हलला नाही.

तेव्हापासून रोज असेच चालते. मी त्यांना ओढते, ती ओढली जात नाहीत. माझा चालक आता शिट्टी वाजवत नाही. त्या स्थानकातून तो मला अगदी हलक्या हाताने काढतो, पण सूर तो सूरच.

मित्रांनो, तुमच्या आवाजाचे कौतुक झाले, तर एकदा खिडकीपलीकडे कोण आहे ते पाहा. आपण सहज म्हणून जे दिवसभर आळवतो, ते कोणाच्या तरी गळ्यात जाऊन बसते आणि काढायला फार कष्ट पडतात. मला हे माहीत आहे, कारण दुसऱ्या रांगेत एक नवी मुलगी आहे. तिचा सूर अजून सुटतो. बाकीची मुले जागच्या जागी राहतात, आणि ती एकटी, डोळे मिटून, माझ्या सुराबरोबर वळणापर्यंत येते. मी दिसेनाशी झाले की बाई तिच्याजवळ जातात, तिच्या खांद्यावर हात ठेवतात आणि तिला घेऊन पुन्हा खालून सुरुवात करतात.