आधी हत्ती

कल्याणच्या त्या घरात आफ्रिका आली ती नकाशाच्या रूपाने. सीतारामने स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तो चांगला हातभर मोठा करून आणला आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या डाव्या अंगाला लावला. तिथे आजवर कॅलेंडर असायचं. कॅलेंडरची रवानगी स्वयंपाकघरात झाली.

"आता सिलिंडर कधी लावला ते मी आफ्रिकेवर लिहू का?" रंभाने विचारलं.

"लिही की. युगांडात जागा आहे, तिथे आपण जाणार नाही," सीताराम म्हणाला आणि पुन्हा नकाशाला नाक लावून उभा राहिला.

त्यांचा मुलगा महेंद्र नैरोबीत एका पंपाच्या कंपनीत होता. आईबाबांनी एकदा तरी यावं म्हणून तो मागे लागला होता, आणि या ऑगस्टात त्याने सुट्टी काढून तीन अभयारण्यांचा बेत आखला होता. पासपोर्ट आले होते, पिवळ्या तापाची लस टोचून झाली होती. फक्त तिकिटं काढायची राहिली होती. पण एसटीतून रिटायर झालेल्या ड्रायव्हरला नकाशा दाखवायचा नसतो, हे महेंद्र इतकी वर्षं परदेशात राहून विसरला होता. सीतारामने तो बेत दोन दिवसांत उलटापालटा करून टाकला. नैरोबी ते अंबोसेली म्हणजे आपलं कल्याण-नगर धर. नाकुरू म्हणजे कल्याण-नाशिक. मसाई मारा लांब, शेवटचा पट्टा कच्चा, तेव्हा तिथे पोचल्यावर एक दिवस आराम. दुपारच्या जेवणाचा हॉल्ट कुठे, डिझेल कुठे, सगळं त्याने ठरवलं. तिथल्या जोसेफ नावाच्या ड्रायव्हरशीही महेंद्रच्या मार्फत त्याचं फोनवर बोलणं झालं होतं. कोणत्या भाषेत, ते घरात कोणालाच कळलं नाही, पण दोघं बराच वेळ हसत होते.

"बाबा, सगळे आधी माराला जातात. तिथे सिंह दिसतात," महेंद्र कळवळून म्हणायचा.

"आधी हत्ती. तुझ्या आईला हत्ती बघायचेत. सिंह कुठे पळून जात नाहीत."

हत्तींचं खरं होतं. रंभा पालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती, तिचं सगळं आयुष्य बाळंतिणींत गेलं. रिटायर झाल्यावर एका दुपारी तिने टीव्हीवर हत्तीण व्यालेली पाहिली. कळपातल्या बाकीच्या हत्तिणी तिच्याभोवती कडं करून उभ्या होत्या, आणि पिल्लू पडल्यावर सगळ्यांच्या सोंडा एकदम त्याला चाचपायला पुढे आल्या. आमच्या वॉर्डातही असंच व्हायचं, ती म्हणाली, फक्त सासवा बाहेर बाकड्यावर असायच्या. तेव्हापासून हत्तींचा एक कार्यक्रम तिने चुकवला नाही. आईच्या पोटाखालून चालणारं पिल्लू एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढं तिचं मागणं. हे ती सीतारामला कधीतरी तो जेवत असताना बोलली होती. त्याने ऐकलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

आणि आता सगळं जुळून आलं होतं तर तिला जाता येणार नव्हतं.

कारण साधं होतं आणि ते ती जिवात जीव असेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती. गेल्या काही वर्षांत तिला लघवी धरवत नव्हती. लागली की लागली, मग पाच मिनिटंसुद्धा दम निघत नसे. एकदा भाजी मंडईतून येताना रिक्षातच फजिती झाली होती, आणि ती घरी येऊन पातळ बदलून, जणू काही झालंच नाही अशी मेथी निवडत बसली होती. त्यानंतर बाहेर जायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून तिचं पाणी बंद. लग्नाला जायची तर आधी हॉलचं बाथरूम कुठे आहे याची चौकशी. मग हळूहळू लग्नंच बंद झाली. गुडघे दुखतात, असं ती सांगायची. गुडघे ठणठणीत होते. हजार बायकांची लघवीची भांडी हिने निर्मळ मनाने उचलली, कुणी लाजली तर तिलाच रागे भरली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा हिचीच दातखीळ बसली. माणसाचं असं असतं खरं.

त्या शुक्रवारी महेंद्रचा व्हिडिओ कॉल आला. "आई, रविवारी रात्री मी तिकिटं काढतोय. आणि ऐक, तिथे गाडीतून उतरायचं नाही हां. सकाळी निघालो की चार-पाच तास आत बसूनच सगळं बघायचं. गवतात काय बसलंय ते दिसत नाही."

चार-पाच तास.

"मी नाही येत रे," ती म्हणाली. "ऑगस्टात वर्षावास असतो. विहारात रोजचं वाचन, पौर्णिमेची खीर. मी नसले की त्या बायका खीर करपवतात. तू बाबांना ने."

"आई, काय यार. खिरीसाठी हत्ती सोडतेस?"

"मग प्रवासही झेपायचा नाही. गुडघे आहेत, कंबर आहे."

महेंद्रचा चेहरा पडला. तिलाही भरून आलं, पण मान खाली घालून ती पदराचं टोक गुंडाळत राहिली. तिला वाटलं, आता नवरा भडकेल. सीताराम भडकला नाही. तो चष्म्यावरून तिच्याकडे बघत होता.

"झेपतं की नाही ते असं घरी बसून कसं कळणार?" तो म्हणाला. "रविवारी सकाळी ट्रायल घेऊ. तिकिटं रात्री काढायचीत ना? मग."

सीतारामचा डेपोतला दोस्त शिवराम याच्याकडे एक जुनी काळीपिवळी जीप होती. ती पूर्वी मुरबाडच्या फेऱ्या मारायची, आता लग्नाच्या वऱ्हाडाला जायची. रविवारी सकाळी ती दाराशी आली. रंभाची मुलगी दर्शना डोंबिवलीहून गळ्यात दुर्बीण अडकवून आली. शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे दुर्बीण शाळेची.

"वहिनी, याच्याबरोबर निघालाय, वेळेत पोचायचं विसरा," शिवराम किल्ली देताना म्हणाला. "डेपोत याला टायरवाला म्हणायचे. माळशेजच्या रस्त्याला दर थोड्या वेळाने गाडी बाजूला घेणार आणि टायर बघत बसणार. लेट मार्क खायचा, पण टायर बघायचा. बायका मात्र याच्याच गाडीसाठी थांबायच्या. पुढची गाडी रिकामी जाऊ द्यायच्या."

"माझे टायर कधी फुटले का?" सीताराम म्हणाला आणि गाडीत चढला.

रंभाने आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मे महिना, जीभ टाळूला चिकटलेली. ती मागच्या सीटवर बसली, समोरच्या दांडीला धरून. तिने मनाशी ठरवलं होतं, अर्ध्या रस्त्यात कंबर धरायची, हाय हाय करायचं आणि विषय संपवायचा.

"नियम एकच," सीताराम आरसा नीट करत म्हणाला. "उतरायचं नाही."

दुर्गाडीचा पूल ओलांडून जीप भिवंडीच्या रस्त्याला लागली. मेट्रोसाठी सगळा रस्ता खणलेला होता, त्यामुळे कच्च्या रस्त्याचा सराव फुकटात होत होता. कोनच्या पुढे म्हशींचा कळप आडवा आला तेव्हा दर्शनाने दुर्बीण लावून, ग्रेट मायग्रेशन बघा, असं जाहीर केलं. कळपाची पुढारी कोण, ते रंभाने बिनदुर्बिणीने ओळखलं. ती वाकड्या शिंगाची, तीच थांबली की बाकीच्या थांबतात. हत्तींचंही असंच असतं, ती म्हणाली, आणि तासभर कंबर धरायचं विसरून गेली.

माजिवड्याला मात्र गाडी अडकली ती हलेना. आणि तिथे, उन्हात, पुढे टँकर आणि मागे टँकर असताना, तिला लागली.

पाणी प्यायली नसली तरी लागायची ती लागलीच. तिने पाय आवळले. दांडीवरची बोटं पांढरी पडली. दर्शना काहीतरी विचारत होती, ते तिला ऐकू येईना. कोलशेतच्या रस्त्याला लागल्यावर प्रत्येक खड्ड्याला तिच्या डोळ्यांपुढे रिक्षातली ती दुपार येत होती. आता लेकीच्या पुढ्यात, परक्याच्या गाडीत. पदराचा शेव तिने दातात धरला आणि वर पाहिलं तर आरशात सीतारामचे डोळे होते. तो लगेच रस्त्याकडे बघायला लागला.

कंपन्यांच्या भिंती संपल्या, खाडीकडे जाणारा मातीचा रस्ता आला. सीतारामने जीप थोडी पुढे नेली, मागे घेतली, आणि झुडपांच्या बाजूला अशी आडवी लावली की पलीकडचं रस्त्यावरून काही दिसेना.

"टायर बघतो," तो म्हणाला.

दर्शना लगेच दुर्बीण घेऊन उतरली आणि पाठ करून खाडीच्या दिशेने लांब चालत गेली. सीताराम जॅकचा दांडा घेऊन रस्त्याच्या बाजूच्या टायरापाशी गेला आणि ठोकायला लागला. ठण, ठण, ठण. एकच टायर. थांबायचं नाव नाही.

रंभा झुडपाच्या बाजूने उतरली. ती परत येऊन बसली, पदर सारखा केला, तरी ठोकणं चालूच होतं. ती खोकली. मग तो थांबला आणि त्याने हाका मारून दर्शनाला बोलावलं.

दूर चिखलात फ्लेमिंगो उभे होते. दर्शनाने दुर्बीण दिली, पण रंभाला त्यातून काही दिसेना. तिचे डोळे भरले होते. कोण बायका, कुठल्या गावच्या, याच्याच गाडीसाठी का थांबायच्या ते तिला आत्ता कळलं. कुणी कधी तोंड उघडून सांगितलं नसणार. त्याने आरशात बघायचं, आडोसा बघून गाडी लावायची, आणि लेट मार्क खायचा. इतकी वर्षं त्याचा डबा भरून दिला, खाकी कपडे धुतले, आणि हे तिला माहीत नव्हतं. तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. लेक बसली होती म्हणून नाही फिरवला.

येताना बायपासला एका पेट्रोल पंपावर त्याने पुन्हा टायर बघितला. रंभाला अजून लागलीही नव्हती. तरी ती जाऊन आली.

संध्याकाळी दर्शना डोंबिवलीला गेली. सीताराम गाडी परत द्यायला शिवरामकडे गेला. तेवढ्यात महेंद्रचा फोन आला.

"आई, बाबा जवळ आहेत का?"

"नाही. का रे?"

"बरं झालं. मी बोललो असं त्यांना सांगू नको." महेंद्रचा आवाज खाली आला. "तू नाही म्हणू नकोस ना. बाबांना एकट्याला नाही जमणार. त्यांना त्रास आहे."

"कसला त्रास?" रंभा घाबरली.

"लघवीचा. वयामुळे होतं गं, प्रोस्टेट वगैरे. त्यांना सारखं जावं लागतं. तुला लाजेने बोलले नसतील. मला आणि ताईला सांगितलं, जोसेफलाही सांगून ठेवलंय. गेल्या आठवड्यात खास फोन करायला लावला त्याला. म्हणाले, मी म्हातारा माणूस, मला दर तासाला उतरावं लागेल, जागा असते का? जोसेफ म्हणाला, असते की. मोकळं रान बघून थांबवायची, गाडीच्या आडोशाला जायचं, तो पहारा देतो. त्यांच्याकडे पण म्हणे टायर बघतो असंच सांगतात. मग दोघं ड्रायव्हर किती हसले. परवा तुझ्यासमोर त्यांचं नाव निघू नये म्हणून मी उतरायचं नाही एवढंच बोललो. पण आई, तू बरोबर हवीस. त्यांना संकोच वाटतो."

रंभाची नजर नकाशावर गेली.

"आई? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. तिने नाक पुसलं. "काढ तिकिटं. दोघांची. आणि आधी हत्ती."

सीताराम परत आला तेव्हा ती नकाशासमोर उभी होती. तो चप्पल काढून, पाय धुऊन, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने खुर्चीत बसला.

"महेंद्रचा फोन आलेला," ती म्हणाली. "तुमच्या तब्येतीचं सांगत होता."

सीतारामने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोटात काही राहत नाही त्याच्या."

"पोराला सांगितलंत, लेकीला सांगितलंत, आफ्रिकेतल्या माणसालाही सांगितलंत. लाज नाही वाटली?"

"वय झालं माणसाचं. त्यात लाजायचं काय?"

ती आत गेली, पेला काठोकाठ भरला आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर उभ्या उभ्या पूर्ण प्यायली. कालपासूनची तहान होती. दुसरा पेलाही प्यायली.

"उद्या सकाळी डॉक्टर बाईंकडे जाऊन येईन म्हणते," पेला ठेवत ती म्हणाली. "आमच्या वॉर्डातल्याच आहेत. यावर औषध असतं. बायकांना मीच पाठवायचे त्यांच्याकडे."

"मीही येतो."

"तुम्ही कशाला?"

"म्हणजे काय?" सीताराम म्हणाला. "त्रास माझा आहे ना."