चौथा भाग मला येतो

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. नेमकं वय विचारू नका. धुळ्याच्या नवल सरांनी मला घेतलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते, एवढं सांगते. आता मी मोहिनीकडे असते, जळगावजवळ नशिराबादला. मला एक धून पहिल्यापासून शेवटपर्यंत येते, पण मोहिनीला तिचा शेवट येत नाही. मला तो तिला सांगता येत नाही, आणि या गोष्टीनं माझा जीव रोज तीळतीळ तुटतो.

नवल सरांना सगळे सर म्हणत, पण ते होते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. दिवसभर बसची इंजिनं उघडायची, संध्याकाळी हात घासून धुवायचे आणि मला मांडीवर घ्यायचं. त्यांना कुणीतरी एक कॅसेट दिली होती. तिच्यात एक परदेशी माणूस एकटाच गिटार वाजवत होता, पण ऐकणाऱ्याला वाटावं की दोघं वाजवताहेत. अंगठा जाड तारांवर एकसारखी चाल धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतात. त्या संगीताला ब्लूज म्हणतात. कॅसेट मागंपुढं करत सर ते शिकले. मग त्यात त्यांनी आपल्या आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची, गाणी मिसळली. माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसून म्हणतात, ती गाणी. अशी चार भागांची धून तयार झाली. तिला नाव नाही, आणि कागदावर तिची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

मोहिनी ही धून शिकायला दर रविवारी एसटीनं धुळ्याला यायची. तिचे वडील उखर्डू नाना यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. चेंबर म्हणजे बंद, गार खोली. कच्च्या केळीचे क्रेट आत लावतात आणि हवेत भरपूर ओलावा ठेवतात. मोहिनी तिथंच काम करते. तिच्या बोटांना केळीचा चीक लागलेला असायचा. सर तिच्यापुढं खोबरेल तेल आणि फडकं सरकवायचे. "आधी चीक काढ, मग माझ्या पोरीला हात लाव," म्हणायचे. माझी मान तेव्हा आणखी ताठ व्हायची.

पहिले चार महिने सरांनी तिला नुसता अंगठा चालवायला लावला. घरी ती केळीच्या क्रेटवर अंगठा आपटत बसायची. नाना म्हणायचे, "काय व, त्या क्रेटनं काय बिघडवलं तुहं?" हे ती हसत हसत सरांना सांगायची.

एकदा तिनं धून भरून घ्यायला फोन समोर ठेवला. सर म्हणाले, "पिशवीत टाक तो. त्याच्या लक्षात राहील, तुझ्या नाही." तिनं फोन आत ठेवला. मलाही सरांचं तेव्हा पटलं होतं. काय अक्कल होती माझी!

तीन वर्षांत तीन भाग झाले. चौथा आखाजीनंतर शिकवतो, असं सर म्हणाले. आखाजीला दहा दिवस उरले असताना त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. सरांची बहीण यशोदा अक्का त्यांची काळजी घेऊ लागल्या. मोहिनी भेटायला आली, तेव्हा सरांनी डाव्या हातानं मला तिच्याकडे ढकललं. माझं घर बदललं ते असं.

नशिराबादला मोहिनी रोज संध्याकाळी मला घेऊन चौथा भाग शोधायची. सर बरे होईनात, त्यांच्या देखत धून पूर्ण वाजवायची एवढाच तिला ध्यास. कधी कधी तिचं बोट अगदी जवळ यायचं. एकच तार चुकायची. बाई गं, ती नाही, तिच्या शेजारची, असं मला किती सांगावंसं वाटायचं! पण मित्रांनो, जी तार छेडाल तीच माझी वाजते. स्वतःहून मी काही बोलू शकत नाही.

मे महिना आला. मोहिनी पाच दिवस पिंपळनेरला लग्नाला गेली होती. खोलीला पत्रे, बाहेर पंचेचाळीस अंश. नानांनी माझ्या अंगाला हात लावून पाहिला. मी तापले होते. त्यांना माझी दया आली. या माणसाचा जन्म केळी जपण्यात गेलेला, त्यांना एकच उपाय ठाऊक. त्यांनी मला नेऊन चेंबरमध्ये क्रेटच्या मध्ये, घडी घातलेल्या गोणपाटावर मायेनं ठेवलं आणि दार लावलं.

केळीला ओलावा मानवतो. माझं लाकूड फुगलं. तारा ज्या लाकडी पट्टीला बांधलेल्या असतात तिला ब्रिज म्हणतात. त्या ब्रिजखालचा गोंद सुटू लागला. मला सगळं कळत होतं, पण दार ठोठावायला मला हात नव्हते.

मोहिनी परतली. माझं फुगलेलं पोट बघून तिनं मला उचलून उजेडात आणलं. नाना म्हणाले, "मले वाटलं, केळी या उन्हात टिकत नाही, तं हे लाकूड काय टिकीन?" त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मोहिनी त्यांच्यावर न रागावता मला सुताराकडे घेऊन गेली. सुतारानं ब्रिज चिकटवला आणि पंधरा दिवस तारा ओढायच्या नाहीत असं बजावलं.

चौथ्याच दिवशी अक्कांचा फोन आला. सरांनी जेवण सोडलं होतं. मोहिनीनं तारा चढवल्या. दुसरं काय करणार होती ती?

धुळ्याला दारातच अक्का म्हणाल्या, "उनी का व माय? सकायपाईन दारकडेच दखी ऱ्हायना तो." सकाळपासून सरांची नजर दाराकडेच लागली होती. मोहिनी खाटेशेजारी बसली. तिनं तिन्ही भाग वाजवले आणि ती थांबली. पुढं रस्ता नव्हता. तेव्हा सरांचा डावा हात हळूहळू उठला आणि माझ्या मानेवर आला. तो हात शाबूत होता. सर तारा दाबू लागले आणि मोहिनी त्या छेडू लागली. दोघांचं मिळून एक माणूस झालं आणि चौथा भाग सुरू झाला. अक्कांनी पटकन फोन काढून धरला. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मी ब्रिज घट्ट धरून ठेवायची शिकस्त केली. पण लाकडाच्या इच्छेनं गोंद चिकटत नाही.

खाडकन आवाज झाला. ब्रिज उखडला, तारा लोंबल्या. "माझ्यामुळं झालं," म्हणत मोहिनी माझ्या पोटावर वाकून रडू लागली. सर एका बाजूला कलले, म्हणून अक्कांनी फोन गादीवर टाकून त्यांना सावरलं.

पण सरांची बोटं थांबली नव्हती. सैल तारांवर त्यांनी तिसरी ओळ पूर्ण केली, मग चौथी. सगळी बोटं, सगळ्या जागा, एकही चूक नाही. मोहिनी, वर बघ, वर बघ गं, मी आतून आक्रोश करत होते. तिनं पाहिलं नाही. तिथून पुढं फोनमध्ये फक्त छताचा पंखा आला आणि रडण्याचा आवाज.

पुढच्या रविवारी ती दुसरी गिटार मागून आणणार होती. गुरुवारी सर गेले.

नंतर मोहिनीनं मला नाशिकच्या कारागिराकडून नीट करून आणलं. आता नाना मला हलवण्याआधी तिला विचारतात. शेवटच्या दोन ओळी मोहिनीनं मनानं बसवल्या आहेत. अक्कांना त्या ऐकवल्या, तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बठ्ठं तसंच शे." सगळं तसंच? नाही हो, अक्का. मोहिनीलाही ते कळतं. ती रोज संध्याकाळी पुन्हा शोधत बसते.

मित्रांनो, उन्हाळ्यात माझ्यासारखीच्या तारा सैल करा आणि तिला ओलाव्यात ठेवू नका, एवढं तर कराच. पण तुमच्या घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट हातानं येत असेल, तर आजच त्याच्यापाशी जाऊन बसा. आणि मध्येच काही तुटलं, तर तुटलेल्याकडे नंतर बघा. आधी त्या हातांकडे बघा.